फ्लूची लस किती जणांनी घेतली की साथ थांबते? समजून घ्या त्यामागचं गणित

गावात स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढले की "लस घेऊनही ताप आलाच की" असं हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नसतं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. लस त्याच्याशी नीट जुळली तरी संरक्षण साधारण ४० ते ६० टक्केच मिळतं. मग अशा लसीने साथ अडते कशी?

याचं उत्तर देणाऱ्या गणिताचा मुंबईशी जुना संबंध आहे. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक या स्कॉटिश शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये साथीचं समीकरण मांडलं आणि ते १९०५-०६ च्या मुंबईतील प्लेगच्या मृत्यूंवर ताडून पाहिलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे तिथे ते ओढूनताणूनच बसलं. माणसाकडून माणसाला होणाऱ्या फ्लूला मात्र ते जास्त लागू पडतं.

समजा, १० रुग्ण आणखी १५ जणांना आजार देतात. एक तृतीयांश लोकांना संरक्षण असेल तर १५ चे १० होतात आणि साथ वाढायची थांबते. म्हणजे हजार वस्तीच्या गावात सुमारे ३३३ जण सुरक्षित हवेत. पण लस निम्म्यांनाच उपयोगी पडते, म्हणून टोचावी लागते दुप्पट, सुमारे ६६७ जणांना. लस आणखी कमकुवत निघाली तर हा आकडा गावाच्या लोकसंख्येच्याही पुढे जातो, आणि नुसत्या लसीवर साथ थांबत नाही. रुग्ण तरीही कमी होतात, हे विसरून चालणार नाही.

समीकरणात सगळे एकमेकांत सारखेच मिसळतात असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात शाळेतली पोरं जास्त मिसळतात आणि आजार घरी आणतात. जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना लस दिली, १९८७ मध्ये ती ऐच्छिक केली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद केला. त्या लसीकरणाने वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, त्यात मुख्यतः म्हातारी माणसं, असा अंदाज २००१ मध्ये मांडला गेला. त्यावर टीकाही झाली.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. फ्लू साधारण तीन दिवसांत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तेवढ्यात पाच फेऱ्या होतात आणि पाचव्या फेरीत १० चे ७६ नवे रुग्ण होतात. साथ आल्यावर रांग लावण्यापेक्षा पावसाळ्याआधी लस घेतलेली बरी, ती यासाठीच.