घोडेस्वाराची टाच, धावपटूचा घोटा

धावण्याच्या बुटाची टाच चवड्यापेक्षा उंच का असते? दुकानात विचारलं तर 'कुशनिंग' हे उत्तर ठरलेलं. मला मात्र या टाचेचं कूळ थेट इराणी घोडेस्वारापर्यंत जाताना दिसतं.

रिकिबीत उभं राहून बाण मारताना पाय निसटू नये, म्हणून इराणी स्वार टाचेचे जोडे घालत. १५९९ मध्ये शाह अब्बासने युरोपात वकिलात धाडली, आणि पुढच्या काही दशकांत ही टाच तिथल्या दरबारी पुरुषांच्या पायांत आली. चौदाव्या लुईच्या लाल टाचा प्रसिद्धच आहेत. पुढे तिची उंची घटली, पण पुरुषांच्या रोजच्या बुटाला इंचभर टाच चिकटली ती कायमची. घोडा गेला, टाच राहिली.

आता १९६२ मध्ये येऊ. ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले, तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे सामान्य माणसं रमतगमत धावताना पाहिली आणि ते वेड अमेरिकेत घेऊन आले. १९६७ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॅरिस यांच्यासोबत त्यांनी 'जॉगिंग' हे पुस्तक काढलं. लांब अंतरासाठी टाच आधी टेकवणं कमी दमवणारं, असा त्यातला सल्ला. त्याच सुमारास त्यांच्या कल्पनेतून ओनित्सुका कंपनीचा कॉर्टेझ बूट घडला; १९७२ पासून तो नायकेच्या नावाने विकला गेला. टाचेखाली जाड स्पंज, हेतू हा की टाचेमागच्या धोंडशिरेवरचा ताण हलका व्हावा.

इथे पुरावा संपतो आणि माझा तर्क सुरू होतो. धोंडशीर इतकी नाजूक झाली कशाने? हे नवे धावणारे खेळाडू नव्हते. दिवसभर टाचेच्या बुटांत वावरणारे मध्यमवयीन लोक होते. टाच उचललेली असली की पोटरीला पूर्ण लांब व्हायची वेळच येत नाही. उंच टाचा नेहमी वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीचे तंतू आखूड आणि धोंडशीर अधिक ताठ असल्याचं २०१० च्या एका अभ्यासात आढळलं. तिथल्या टाचा किमान पाच सेंटिमीटरच्या होत्या, हे खरं. पण इंचभर टाचेनेही वर्षानुवर्षांत थोडा तसाच परिणाम केला असणार, असं मी धरून चालतो. म्हणजे स्वाराच्या टाचेने जे आखूड केलं, ते सांभाळायला बॉवरमननी दुसरी टाच दिली.

घोट्याचा हिशेब पाहिला की हा तर्क पटतो. टाच आधी टेकते तेव्हा पाऊल नडगीकडे वर वळलेलं असतं. टेकताच चवडा खाली येतो, पाऊल सपाट होतं, मग नडगी पुढे झुकून घोटा पुन्हा मिटतो आणि शेवटी जमीन मागे ढकलताना उघडतो. चवडा आधी टेकला तर तो पहिला खालचा झोका नसतोच. घोटा सुरुवातीपासून मिटत जातो, टाच खाली येते आणि पोटरी ताणली जातानाच आवळून तिला सावकाश उतरवते. टाचेचा सुरुवातीचा तीव्र धक्का बहुतांशी टळतो, गुडघ्यावरचा भारही घटतो. पण पोटरी आणि धोंडशिरेवरचा वाढतो. आखूड पोटरीला नेमकं हेच झेपत नाही.

प्रतिपक्ष म्हणतो, टाचेवर धावणं हीच बुटाची देणगी. ख्रिस्तोफर मॅकडुगल यांच्या २००९ च्या 'बॉर्न टू रन' या पुस्तकाने हा आरोप घरोघरी पोहोचवला. २०१० मध्ये संशोधक डॅनियल लिबरमन यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अनवाणी वाढलेले धावपटू बहुधा चवडा आधी टेकवतात. खटला संपल्यासारखा वाटला. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या अनवाणी दासानाच लोकांचा अभ्यास आला: सोयीच्या वेगात ७२ टक्के वेळा टाचच आधी, वेग वाढला तसं हे प्रमाण घटलं. म्हणजे सावकाश धावणारा माणूस बुटाविनाही टाच टेकवतो. बुटाने ती सवय जन्माला घातली नाही, सोपी केली.

तेव्हा जाड टाचेला गुन्हेगार ठरवू नका आणि तारणहारही मानू नका. ती भार गुडघा आणि घोटा यांच्यात इकडून तिकडे हलवते, इतकंच. सपाट बुटांकडे वळायचंच असेल तर पोटरीला काही महिने द्या, अंतर हळूहळू वाढवा, आणि धोंडशीर दुखू लागली तर लगेच थांबा.