एकसष्टाची वर्गप्रकृती

१,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येच्या वर्गातून एक वजा केला की बाकीस ६१ ने भाग जातो, आणि भागाकार पुन्हा पूर्ण वर्गच येतो: २२,६१,५३,९८० चा. एकाहून मोठ्या पूर्णांकांत हा गुण असलेली याहून लहान संख्या नाही. ६१ ऐवजी ६० घेतल्यास उत्तर ३१ येते. ६२ घेतल्यास ६३. मधल्या ६१ नेच अब्जापर्यंत का धावावे? एकेक संख्या तपासत जाणाऱ्याचे आयुष्य यात सरेल.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये (इ.स. ११५०) सिद्ध केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'तील 'बीजगणित' या भागात हे उदाहरण आहे, तेही पद्यात. या प्रश्नप्रकाराचे नाव वर्गप्रकृती. रीतीचे नाव चक्रवाल. आठाचा वर्ग ६१ हून तीनने अधिक, येथून आरंभ. एका फेरीत ३९ आणि ५ ही जोडी हाती येते: १५२१ आणि पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर उणे चार. आता चक्र फिरवत राहण्याची गरज उरत नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगितलेली 'भावना', म्हणजे दोन जोड्यांच्या संयोगातून तिसरी निपजविण्याची क्रिया, कामी येते. तिने २९,७१८ आणि ३,८०५ पर्यंत पोहोचले की अंतर उणे एक राहते. त्या जोडीची तिच्याशीच भावना केली की आपली अब्जाची संख्या उभी राहते. (भट्टनायकाचे 'भावकत्व' शिकविणाऱ्यांनी या शब्दापाशी जरा थांबावे. धातू तोच, 'भू'चे प्रयोजक रूप: अस्तित्वात आणणे.)

पुढे १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने समकालीन गणितज्ञांना याच जातीचे आव्हान दिले, आणि नमुन्यादाखल त्यानेही ६१ चाच उल्लेख केला. त्याला भास्कराचार्य ठाऊक असण्याचा संभव नाही. ६१ ची अडचणच अशी की जाणकाराचे बोट तिच्यावरच पडावे. इंग्लंडमध्ये ब्राउन्कर आणि वॉलिस यांनी रीत शोधली. ऑयलरने मात्र श्रेय चुकून पेल या तिसऱ्याच गृहस्थाला दिले, आणि 'पेलचे समीकरण' हे नाव रूढ झाले. म्हणून 'सारे आमचेच' अशी आरोळी ठोकणेही खरे नव्हे. रीत नेहमीच उत्तरापर्यंत पोहोचते याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिलेली नाही; उत्तर नेहमी असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. शिवाय चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधीचे. इ.स. १०७३ मधील उदयदिवाकराच्या टीकेत ते जयदेवाच्या नावे आढळते. हा जयदेव 'गीतगोविंदा'चा नव्हे. त्याचे इतर काहीही उरलेले नाही.

भास्कराचार्यांचे मात्र उरले, कारण त्याची तजवीज झाली. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी आजच्या चाळीसगावजवळील पाटण येथे मठ काढला. शके ११२८ मध्ये त्याला निकुंभवंशी सोइदेवाने दान दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. लेखाचा बराच भाग संस्कृत. शेवटी भाषा मराठी होते. मराठीचे अभ्यासक या ओळींकडे वळतात ते आद्य मराठीचे प्रत्यय आणि रूपे शोधण्यासाठी. मठात काय शिकवले जात होते, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. त्या मराठी ओळींत आहे तो बाजारात येणाऱ्या मालावर मठाचा हक्क किती, याचा रोखठोक तपशील.