रॉथ्को : चित्रे आणि त्यांच्या भिंती
मार्क रॉथ्को यांचा जन्म १९०३ साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या द्विन्स्क गावी एका ज्यू कुटुंबात झाला. १९१३ मध्ये ते अमेरिकेत पोर्टलंडला आले आणि वर्षभरातच वडील गेले. येल विद्यापीठ अर्धवट सोडून त्यांनी न्यूयॉर्क गाठले. पुढे दोन दशके ब्रुकलिनच्या एका शाळेत मुलांना चित्रकला शिकवून त्यांनी पोट भरले.

शहरदृश्ये, मग पुराणकथा असे टप्पे ओलांडल्यावर १९४९च्या सुमारास त्यांची रचना स्थिरावली. उंच कॅनव्हासवर एकाखाली एक दोन-तीन आयत, कडा विरलेल्या. अतिशय पातळ केलेल्या रंगाचे थर ते एकावर एक चढवत, त्यामुळे खालचा रंग वरच्यातून उजळतो. या चित्रांत लोकांनी नुसती रंगसंगती पाहावी, हे त्यांना सहन होत नसे. माणसाचे दुःख आणि मृत्यू हाच त्यांचा विषय होता. म्हणूनच चित्र कोणत्या भिंतीवर, किती उजेडात लागणार याबद्दल ते विलक्षण हळवे होते, आणि या हट्टात त्यांच्या कलेचे मर्म आहे.

१९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतील ‘फोर सीझन्स’ या महागड्या उपाहारगृहासाठी चित्रमालिकेचे काम त्यांच्याकडे आले. मरून आणि काळ्या रंगांतले सुमारे ३० कॅनव्हास त्यांनी रंगवले. मग पत्नीसह तिथे जेवून आल्यावर काम नाकारले आणि घेतलेले पैसे परत केले. मनाजोगती जागा मिळाली ती ह्यूस्टनला. जॉन आणि डोमिनिक द मेनिल यांनी १९६४ मध्ये त्यांच्यावर एका प्रार्थनागृहाची चित्रे सोपवली. वरून येणाऱ्या उजेडाच्या प्रश्नावर वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांच्याशी मतभेद झाले. अखेर जॉन्सन बाजूला झाले, अष्टकोनी दालन रॉथ्कोंच्या मनासारखे ठरले. त्यासाठीची १४ चित्रे जवळजवळ काळी आहेत.

नैराश्य आणि मद्य यांनी शरीर पोखरत आणले होते. १९६८ मध्ये महाधमनीचा गंभीर आजार उद्भवला. डॉक्टरांनी मोठे कॅनव्हास बंद करायला सांगितल्यावर ते मुख्यतः कागदावर रंगवू लागले. संसारही तुटला. २५ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांनी स्टुडिओत जीवन संपवले. सीग्रॅम मालिकेतली, टेट गॅलरीला दिलेली नऊ चित्रे त्याच दिवशी लंडनला पोचली. ह्यूस्टनचे प्रार्थनागृह १९७१ मध्ये खुले झाले.

मागे राहिलेली ७९८ चित्रे त्यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी करार करून मार्लबरो गॅलरीच्या हवाली केली. मुलगी केट हिने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७५ च्या निकालाने ते करार रद्द झाले, विश्वस्तांना दूर करण्यात आले. न विकलेली चित्रे परत मिळाली आणि त्यांतली पुष्कळशी पुढे संग्रहालयांना देण्यात आली.