विकत घेतलेलीं अक्षरें

ठाकुर्लीस १९२९ सालच्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेनें उभारलेलें वीजघर थंड होऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. आसपासचे लोक त्याला चोळा पॉवर हाउस म्हणत. तेथें उमेदीचीं वर्षें घालविलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांनीं आपल्या आठवणी स्वतःच संगणकावर जुळवून २००४ सालीं त्यांचें लहानसें पुस्तक काढलें. प्रती शंभर, त्या नातलगांत व जुन्या सोबत्यांत वांटल्या गेल्या. खर्चाच्या धास्तीनें एक प्रकरण मात्र त्यांनीं वगळलें. रात्रपाळीच्या माणसांवरचें तें प्रकरण चकतीवर तसेंच राहिलें.

गेल्या वर्षीं, वडिलांच्या पश्चात्, त्यांच्या मुलीनें दुसरी आवृत्ति काढावयाचें मनांत आणलें. मराठी जुळणीचें सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञावली, वडिलांनीं रोख पैसे मोजून घेतलेली. पावतीसुद्धां जपून ठेवलेली. परंतु जुना संगणक बंद पडला होता, आणि नव्यावर बसवितांच त्या आज्ञावलीनें विक्रेत्याकडून मिळणारा नवा सांकेतिक क्रमांक मागितला. पावतीवरचा दूरध्वनि कोणी उचलीना. चकतीवरचा मजकूर दुसरीकडे उघडून पाहिला, तों पडद्यावर रोमन अक्षरें आणि चिन्हें यांची खिचडी! मुलीनें मला विचारलें, “काका, हें बाबांनीं विकत घेतलेलेंच ना?” चटकन् ‘होय’ म्हणवेना, आणि ‘नाहीं’ म्हणण्यास जीभ धजेना.

मराठी छापील अक्षराचा व्यवहार आरंभीं किती सरळ होता! गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईंत पंचांग छापलें तें शिळाछापावर. पुढें ते खिळ्यांच्या कामाकडे वळले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत तयार झालेल्या जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें खिळे ओतण्याचा कारखाना घातला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. असे खिळे विकत घेतले, पैसे चुकते केले, कीं ओतणाऱ्याचा त्यांच्याशीं संबंध संपला. छापखानदारानें त्या खिळ्यांनीं पोथी छापावी, लग्नपत्रिका छापावी, वाटल्यास ओतणाऱ्यावरच टीका छापावी; झिजले तर वितळवावे, धंदा बुडाला तर दुसऱ्यास विकावे. जावजी १८९२ सालीं वारले. म्हणून कोणाच्या केसमधले खिळे त्या दिवशीं मुके झाले नाहींत.

संगणकाबरोबर हा व्यवहार बदलला. आपल्या लिपींसाठीं सर्वांना समान अशी संकेतपद्धति नव्हती असें मात्र नव्हे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें हें काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें पुढें चालविलें. ही संस्था १९८८ सालची. १९९१ मध्यें ‘इस्की’ ही पद्धति भारतीय मानक म्हणून ठरली, आणि त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीलाहि जागा मिळाली. तथापि जुळणीच्या टेबलावर जें नांदलें तें निराळेंच. श्रीलिपि, आकृति, आय. एस. एम. अशा आज्ञावल्यांबरोबर येणारे सुबक टंक (व ते खरोखरच सुबक होते) आपापल्या घरच्या मांडणीचे होते. रोमन लिपीसाठीं आखलेल्या अडीचशेंएक घरांत अर्धा स, काना, वेलांटी, रफार हे तुकडे ज्यानें त्यानें सोयीनें बसविले. मजकूर सांठवला जाई तो अक्षरांचा नव्हे, घरांच्या क्रमांकांचा. जुन्या जुळाऱ्यांच्या केसांतहि घरांची मांडणी असे. पण मांडणी विसरली तरी खिळा उचलून पाहिला कीं अक्षर ओळखूं येई. येथें टंक गेला कीं नुसता क्रमांक हातीं राहतो.

त्यावर आणखी कुलूप. प्रारंभीं तें संगणकाच्या पाठीमागें, छपाईयंत्राची तार जोडावयाच्या खोबणींत लावण्याचें बोटभर यंत्र असे. पुढें खोबणीच नाहींशी झाली. या कुलपाबद्दल विक्रेत्यांना सर्वस्वीं दोष देणें मला न्याय्य वाटत नाहीं. एक प्रत घेऊन दहा ठिकाणीं बसविण्याची आपली संवय कोणाला ठाऊक नाहीं? तरी हातांत असलेल्या कुलपाची किल्ली ग्राहकापाशीं तरी असे. मायक्रोसॉफ्टनें २००१ मध्यें ऑफिस आणि विंडोज यांच्या एक्सपी आवृत्त्यांबरोबर ॲक्टिव्हेशनची पद्धत सर्वत्र रूढ केली, तेव्हां किल्ली विकणाऱ्याच्या घरीं गेली. त्यानें घर बंद केलें म्हणजे काय होतें, हें अडोबी कंपनीच्या २००५ सालच्या सीएस-२ या संचानें दाखविलें. त्याचे परवाने तपासणारी यंत्रणा कंपनीनें २०१२ च्या अखेरीस थांबविली. जुन्या ग्राहकांसाठीं परवाना न मागणारी प्रत तिनें उपलब्ध करून दिली, हें तिचें सौजन्य. ती प्रत जो तो उतरवून घेऊं लागला, तेव्हां ही सर्वांसाठीं देणगी नव्हे असा खुलासाहि करावा लागला. पुढें २०१३ च्या मे महिन्यांत तिनें जाहीर केलें, कीं यानंतरच्या आवृत्त्या केवळ वर्गणीनेंच मिळतील. मराठी जुळणाऱ्यांचा लाडका पेजमेकर तर २००१ च्या आवृत्तीवरच संपला होता.

कायद्याकडे पाहावें तर तेथेंहि दुटप्पीपणा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें ठरविलें, कीं तयार आज्ञावली हा विक्रीकरापुरता ‘माल’च होय. म्हणजे कर भरतांना माल, आणि वापरतांना मात्र परवाना! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ मध्यें झालेल्या दुरुस्तीनें कायदेशीर धारकाला सुरक्षिततेसाठीं प्रत ठेवण्याची मुभा स्पष्ट केली. २०१२ मध्यें घातलेल्या ६५-अ या कलमानें हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. आमच्या या मुलीचा हेतु तसा नव्हताच. पण कुलूप उघडण्याची विद्या तिच्यापाशीं नव्हती. आणि कलम असेंहि सांगतें, कीं दुसऱ्याला या कामीं साहाय्य करणारानें त्याच्या नांवापत्त्याची पूर्ण नोंद ठेवावी. एवढ्या उपद्व्यापाला कोणता शेजारी तयार होणार?

अखेर कुलूप तसेंच राहूं दिलें आणि मजकुरालाच हात घातला. छापलेलीं प्रकरणें तिनें पुस्तकावरून पुन्हा टंकलीं. दोन महिने गेले. न छापलेल्या प्रकरणासाठीं जुन्या टंकांतून युनिकोडमध्यें पालटून देणारें एक साधन मिळालें. वाक्यें बहुतेक उमटलीं. रफार शेजारच्या अक्षरावर सरकले, जोडाक्षरें फुटलीं, परंतु अर्थ लागत होता. विशेषनामांना तसा आधार नसतो. रात्रपाळीच्या यादींत बावीस नांवें होतीं, त्यांतील नऊ ओळखतां येईनात. तेव्हां ती कागद घेऊन कल्याणास वडिलांच्या एका जुन्या सोबत्याकडे गेली. त्यांनीं चष्मा लावून, ओठ हलवीत ती यादी दोनदां वाचली आणि सहा नांवें हातानें सुधारून दिलीं.