गूल : वाळवंटातून फाशांच्या पटावर

रात्रीच्या वेळी पायाखालच्या वाटेने चाललेला माणूस एकाएकी भलतीकडे वळतो, त्याच त्या बांधाभोवती फिरत राहतो, आणि उजाडल्यावर पाहतो तो घर हाकेच्या अंतरावर! आपल्याकडे म्हणतात, 'त्याला चकवा लागला.' या चकव्याचाच एक भाऊबंद अरबस्तानच्या वाळवंटात वावरत असे. त्याचे नाव गूल. आज निरनिराळ्या देशांतील तरुण मुले टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, एक कथेचा खेळ खेळतात. त्या खेळात हाच गूल भेटतो. पण तेथे तो वाट चुकवीत नाही, माणसाचे मांस खातो. वाट चुकविणारे भूत प्रेतभक्षक कसे झाले? हा प्रवास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम मूळ पाहू. अरबी भाषेत 'गूल' या शब्दाच्या मुळाशी झडप घालून धरणे, घात करणे असा अर्थ आहे. इस्लामपूर्व काळापासून अरब लोक सांगत, की गूल ओसाड प्रदेशात राहते, नाना रूपे घेते, एकट्या वाटसरूला भुलवून आडरानात नेते आणि त्याचा नाश करते. रूप कोणतेही घेतले तरी पाय मात्र गाढवाचेच राहतात, तेवढी खूण पटली की माणूस वाचला! आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात असे सांगतात, त्याची तुम्हांला आठवण झाली असेल. भुताला कोठेतरी एक खोट ठेवावयाची, म्हणजे शहाण्या माणसाला निसटावयास फट राहते, ही लोककथांची जुनी रीत आहे.

पण अरबांनी हे सारे डोळे मिटून मानले, असे मात्र समजू नका. 'गूल नाहीच' असे सांगणारे वचन इस्लामी परंपरेत आहे. नवव्या शतकात बसरा येथील प्रसिद्ध लेखक अल्-जाहिज याने आपल्या प्राण्यांवरील ग्रंथात या भुताची चांगलीच झडती घेतली. तेथे दिलेली उपपत्ती अशी : ओसाड मुलखात माणूस फार दिवस एकटा राहिला, की त्याला लहान वस्तू मोठी दिसू लागते, नसलेले ऐकू येते. मग तो त्यावर कवने रचतो. ती ऐकत मुले वाढतात, आणि पुढे अंधाऱ्या रात्री घुबड ओरडले की त्यांनाही तेच दिसते. अकराशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन आहे, बरं का!

आता दुसरा टप्पा. फ्रान्समध्ये आंत्वान गालां नावाच्या पंडिताने 1704 ते 1717 या काळात 'अरबी रात्रीं'च्या गोष्टी फ्रेंचमध्ये बारा खंडांत आणल्या. त्याच्यापाशी जुने अरबी हस्तलिखित होते. पण साऱ्या गोष्टी त्यातल्या नव्हत्या. 1709 साली पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब नावाचा, अलेप्पो शहरचा एक ख्रिस्ती तरुण भेटला आणि त्याने अनेक गोष्टी तोंडी सांगितल्या. त्यांतलीच एक सिदी नुमानची.

या गोष्टीत एक माणूस रोज आपल्या घोडीला निर्दयपणे झोडपतो. खलिफा हारून अल्-रशीद त्याला बोलावून कारण विचारतो. तो सांगतो, 'ही घोडी म्हणजे माझी बायको अमीना. लग्नानंतर ती भाताचे एकेक शीत टोचून खाई. मला संशय आला. एका रात्री मी तिच्या मागोमाग गेलो, तो ती कबरस्तानात गूलाबरोबर प्रेत उकरून खात होती!' पुढे ती जादूने त्याला कुत्रा करते, तो सुटतो आणि तिला घोडी करतो.

संशोधकांनी जुने अरबी ग्रंथ तपासले, तेव्हा असे दिसले, की त्यांतला गूल जिवंत वाटसरूवर झडप घालतो; थडगी उकरण्याची खोड त्याला नाही. ती चिकटली गालांच्या पुस्तकातून. येथून गूल वाळवंट सोडून स्मशानात आला. 1786 साली विल्यम बेकफर्डची 'वाथेक' ही कादंबरी इंग्रजीत छापली गेली आणि तिच्याबरोबर हा शब्द इंग्रजीत शिरला. विसाव्या शतकात लव्हक्राफ्ट या अमेरिकन कथाकाराने त्याला बोस्टन शहराच्या तळघरांत नेऊन बसविले. 1968 साली जॉर्ज रोमेरोने उठून चालणाऱ्या, माणसे खाणाऱ्या मुडद्यांचा चित्रपट काढला, तेव्हा त्यातील पात्रे या मुडद्यांना गूलच म्हणत होती.

तिसरा टप्पा खेळाचा. 1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या युद्धखेळाच्या नियमपुस्तकात गूलाला जागा मिळाली. 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. एकाने सूत्रधार व्हावयाचे, बाकीच्यांनी योद्धा, मांत्रिक अशी सोंगे घ्यावयाची आणि संकटातून वाचलो की नाही ते फाशांनी ठरवावयाचे, असा हा प्रकार. त्यात गूलाचा स्पर्श झाला की माणूस लुळा पडतो. फक्त एल्फ नावाच्या वनवासी लोकांना तो बाधत नाही. आणि गूलाने मारलेला माणूस स्वतःच गूल होतो. म्हणजे गाढवाचे पाय गेले, रूप पालटणे गेले. उरली ती भूक आणि नियमांचे आकडे.

शिक्षकबंधू विचारतील, या साऱ्याचा आम्हांला काय उपयोग? उपयोग आहे. सिदी नुमानच्या गोष्टीकडे पुन्हा एकदा पाहा. अमीनाने प्रेत खाल्ले, याला साक्षीदार कोण? एकटा नवरा. गोष्टीत तीही आहे, पण घोडी होऊन. तिला बोलता येत नाही. आणि संशयाला निमित्त काय, तर बाई चारचौघींसारखी जेवत नाही! गोष्ट म्हणून आपण हे ऐकतो आणि सोडून देतो. पण गावात एखाद्या एकट्या विधवेला 'भुताळी' म्हणतात, तेव्हा हीच गोष्ट खरी म्हणून सांगितलेली असते. तेथेही आरोप करणाराच बोलतो आणि जिच्यावर आरोप आहे ती मुकी होते. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करून अशा आरोपांना गुन्हा ठरविले, ते याचसाठी. खेळातल्या मुलांना हा राक्षस कल्पनेचा आहे हे ठाऊक असते. फासे पेटीत टाकले की तो संपतो. चावडीवरचा गूल असा संपत नाही.

तेव्हा मुलांना भुताच्या गोष्टी जरूर सांगा. मात्र गोष्ट संपली की विचारा, 'हे पाहिले कोणी? सांगतो कोण? आणि ज्याच्याविषयी सांगतो, त्याचे म्हणणे काय?'

आणि एक काम करा. डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास मुलांना अंगणात न्या. डोक्यावरून थोडे उत्तरेकडे ययाती तारकासमूह दिसेल. त्यात अलगूल नावाचा तारा आहे. अरबी ज्योतिष्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'गूलाचे डोके'. दर 2 दिवस 21 तासांच्या सुमारास हा तारा मंदावतो आणि काही तासांनी पुन्हा उजळतो. 1783 साली जॉन गुडरिक या इंग्लंडमधील तरुणाने ही मुदत मोजून सांगितली. त्याला ऐकू येत नव्हते, पण नजर पक्की होती. एखादा काळोखा गोल मधून मधून ताऱ्याच्या आड येत असावा, असा तर्क त्याने केला. तो मुळात बरोबर होता. आड येतो तो दुसरा मंद तारा. न घाबरता, रात्रीमागून रात्र पाहत बसले, तर गूलाचेही गणित मांडता येते, हे मुलांना त्या ताऱ्याकडे बोट दाखवूनच सांगावे.