स्मरणरंजन आणि यंत्र : म्युझिक बॉक्सच्या इतिहासाचा पुनर्विचार

प्रस्तावना :

‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा मुळात वैद्यकशास्त्रातील आहे. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात ती प्रथम योजिली. मायदेशापासून दुरावलेल्यांना जडणारी घरओढीची व्याधी, असा तिचा अर्थ होता. पुढे रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदविले की, आल्प्समधील गुराख्यांची धून कानी पडताच परदेशी चाकरीतील स्विस सैनिकांना रडू कोसळे आणि ते पलायन करीत. म्हणून ती वाजविण्यास त्यांच्यात मनाई होती. हीच स्विस भूमी पुढे म्युझिक बॉक्सची जन्मभूमी ठरली. हा योगायोग मोहक असला तरी फसवा आहे. म्युझिक बॉक्सला आज चिकटलेले स्मरणरंजन त्याच्या जन्माबरोबर आलेले नाही. ते नंतरचे आहे. ही प्रक्रिया कशी घडली आणि तीत काय झाकले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. (मराठीत ‘पेटी’ म्हटले की हार्मोनियमच डोळ्यांसमोर येत असल्याने येथे ‘म्युझिक बॉक्स’ हाच शब्द स्वीकारला आहे.)

रचना आणि श्रम :

खुंट्या बसविलेल्या फिरत्या दंडगोलाकडून वाद्य वाजवून घेण्याची कल्पना जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी अशा स्वयंचलित वाद्याचे वर्णन केले होते. जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने १७९६ मध्ये तेथील कलासंस्थेपुढे जी युक्ती मांडली, तिचे वैशिष्ट्य वेगळेच होते. घंटा आणि हातोडी त्याने काढून टाकली आणि त्यांच्या जागी सुरात लावलेल्या पोलादी पट्ट्या आणल्या. त्यामुळे खिशातील घड्याळात किंवा तपकिरीच्या डबीतही संगीत मावू लागले.

पुढे या पट्ट्यांची एकसंध फणी झाली. पितळी दंडगोलावर गाण्याच्या आराखड्याप्रमाणे हजारो बारीक छिद्रे पाडायची, प्रत्येकात पोलादी खिळा बसवायचा, आतून वितळलेली राळ ओतून ते पक्के करायचे, अशी ही पद्धती होती. दंडगोल किंचित बाजूस सरकला की खिळ्यांची दुसरी रांग फणीच्या दातांसमोर येई आणि गाणे बदले. खर्जाचे दात जड व्हावेत म्हणून त्यांच्याखाली शिसे जोडीत. कंप पावणाऱ्या दाताला पुढचा खिळा भिडला की खरखर होई. ती टाळण्यासाठी दातांखाली बारीक तारा अथवा पिसाचे तुकडे बसवीत.

ज्युरा पर्वतातील सेंत-क्रुआ हे गाव एकोणिसाव्या शतकात या उद्योगाचे केंद्र बनले. दीर्घ हिवाळ्यात घरी बसून करावयाच्या कामांची सवय या भागाला आधीपासूनच होती. खिळे बसविण्याचे अत्यंत चिकाटीचे काम प्रामुख्याने स्त्रियांनी केले. पेटीवर मात्र नाव कारखानदाराचे असे. निकोल फ्रेर या जिनिव्हातील पेढीची ख्याती संग्राहक आजही सांगतात. खिळे रोवणाऱ्या हातांचा उल्लेख क्वचितच होतो. यंत्राकडे ‘जादूची पेटी’ म्हणून पाहिले की हे श्रम दिसेनासे होतात, आणि स्मरणरंजनाचा हा दोष इतिहासकाराने दुर्लक्षू नये.

या पेट्यांत गुराख्यांची धून क्वचितच असे. असत ती रोसिनी, बेलिनी यांच्या ऑपेरांतील तत्कालीन लोकप्रिय गाणी. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ही अद्ययावत चैनीची वस्तू होती, गतकाळाची आठवण नव्हे.

तबकडी आणि ग्रामोफोन :

१८८० च्या दशकात लाइपझिग येथे पाउल लॉखमान याच्या ‘सिम्फोनियन’ने दंडगोलाऐवजी धातूची तबकडी आणली. साच्यातून काढलेली तबकडी स्वस्त पडे आणि सहज बदलता येई. तेथून बाहेर पडलेल्या ब्राखहाउझेन आणि रीसनर यांनी ‘पॉलिफोन’ उभारली. नाणे टाकून वाजणाऱ्या तिच्या मोठ्या पेट्या मद्यगृहांत उभ्या राहिल्या. ब्राखहाउझेनने १८९२ मध्ये अमेरिकेत ‘रेजिना’ कंपनी सुरू केली. तिने सुमारे १,००,००० पेट्या तयार केल्या. पुढे हीच कंपनी व्हॅक्यूम क्लीनर बनवू लागली!

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. म्युझिक बॉक्स रचना साठवीत असे. फोनोग्राफने माणसाचा आवाज साठविला. हा भेद निर्णायक ठरला. पॉलिफोनने १९१७ मध्ये ग्रामोफोन क्षेत्रातील ‘डॉइच ग्रामोफोन’ विकत घेतली, तर सेंत-क्रुआच्या थोरेन्स आणि पायार या पेढ्याही ग्रामोफोनकडे वळल्या.

म्युझिक बॉक्स बाजारातून हटला आणि त्यानंतरच तो भूतकाळाचा आवाज झाला. त्याच्या यांत्रिक मर्यादाच आता गुण ठरल्या. फणीला मींड घेता येत नाही, आघाताचा जोर कमीजास्त करता येत नाही. स्वर उमटतो आणि विरतो. स्प्रिंग सैल पडू लागली की लय मंदावते आणि गाणे अर्ध्यावर थांबते. श्रोत्याला यात करुण भाव जाणवतो. कारागिराला मात्र ती किल्ली द्यावयाची वेळ वाटे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा व्यवसाय खेळणी, दागिन्यांच्या पेट्या आणि भेटवस्तू यांच्या आधारे पुन्हा उभा राहिला. जपानमध्ये १९४६ मध्ये स्थापन झालेल्या सांक्यो सेइकी या कंपनीने १८ स्वरांची छोटी यंत्रे प्रचंड संख्येने बनविली. जपानी भाषेत या वस्तूचे नाव ‘ओरुगोरु’. ते डच ‘ऑर्गेल’वरून आले आहे. युनेस्कोने २०२० मध्ये स्वित्झर्लंड व फ्रान्समधील यांत्रिक घड्याळनिर्मिती आणि कलायांत्रिकीचे कौशल्य अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले. नोंद झाली ती कौशल्याची, वस्तूची नव्हे. सेंत-क्रुआच्या घरांतून खिळे बसविणाऱ्या स्त्रियांकडे पाहण्यास येथे प्रथमच अधिकृत निमित्त मिळते.