वस्तीची गाडी

एसटीचा इतिहास म्हटला की सगळे १ जून १९४८ पासून सुरुवात करतात. पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. बरोबरच आहे. पण आडगावांचं आयुष्य त्या गाडीने नाही बदललं, ते बदललं वस्तीच्या गाडीने, असं आपलं माझं मत.

शहरात वाढलेल्या भाचरांसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून निघून खेड्यात मुक्कामाला येणारी शेवटची एसटी, ती वस्तीची गाडी. कुठे कुठे तिला मुक्कामी गाडी म्हणतात. हिशेब साधा होता. रात्री गाडी रिकामी डेपोत न्यायची आणि पहाटे पुन्हा रिकामी आणायची, म्हणजे डिझेल दोनदा फुकट. त्यापेक्षा राहू दे तिथेच. पण या डिझेलच्या हिशेबातून भलतंच घडलं. पहाटेची पहिली गाडी गावातूनच सुटायला लागली! दवाखाना, कोर्टाची तारीख, बाजार, सगळं उरकून त्याच रात्री घरी. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे भाकरीचे डबेही एसटीनेच जायचे, फडक्यात बांधून, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एकावर एक रचलेले.

आणि तो ड्रायव्हर? दिवसभर एकेरी डांबरी रस्ता, समोरून बैलगाडी आली की एक चाक साईडपट्टीवर. रात्री झोप देवळाच्या ओवरीत, शाळेच्या पडवीत, उन्हाळ्यात टपावर, नाहीतर गाडीतच बाकावर. जेवण कधी डब्यातलं, कधी कुणाच्या घरचं. गावाने लावलेल्या मायेच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, पण त्याला रात्री धड खोली आणि संडासही नसायचा, हे त्या गोष्टींत येत नाही. ‘रस्ता तेथे एसटी’ म्हणताना रस्त्याच्या शेवटी माणूस झोपणार कुठे, हा प्रश्न गावकीवरच सोडलेला.

कसबी ड्रायव्हर गाडी उताराला लावायचा बरं का. थंडीत बॅटरीने दगा दिला तर गाडी उतारावर सोडायची, गिअर टाकायचा, की इंजिन सुरू. उतार नसेल तर पॅसेंजर खाली आणि धक्का!

पुढे वडाप आलं, काळीपिवळी आली, घरोघरी मोटरसायकली आल्या. मग २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पगार आणि विलीनीकरण या मागण्या होत्या, आणि वरची झोपेची हकीकत माहीत असलेल्याला त्यातला राग समजायला जड जाऊ नये. पण त्यानंतर कित्येक गावांच्या वस्तीच्या फेऱ्या परत आल्याच नाहीत.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, गाड्या पुन्हा भरल्या. चांगलंच झालं. बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना तर पास मोफत आहे. पण सातचं कॉलेज गाठायला गाडी लागते साडेपाचची, आणि ती आदल्या रात्री गावात मुक्कामाला असावी लागते.